पुढच्या महिन्यातला प्रोसेसर

"हे दोघं एकमेकांत बसणार नाहीत."

माझ्या एका हातात मदरबोर्डचा खोका, दुसऱ्या हातात प्रोसेसरची इवलीशी डबी, आणि मागून हा आवाज. मी वळून बघितलं. उंच, किंचित पुढे झुकलेला, चष्मा डोक्यावर चढवलेला. अंगाला लवंगेचा वास… कॉम्प्युटरच्या दुकानात लवंगेचा वास येण्याचं काहीच कारण नव्हतं.

"बसणार नाहीत म्हणजे?"

"हा प्रोसेसर एका घराण्याचा, तो बोर्ड दुसऱ्याचा. बोर्डावर प्रोसेसरची बैठक असते ना, सॉकेट, ती ज्याची त्यालाच. तुमचा हा बिचारा जन्मभर दारात उभा राहील."

"आणि बळजबरी केली तर?"

"दोघंही जातील."

त्याने हे इतक्या दुःखी चेहऱ्याने सांगितलं, की मी दोन्ही खोके गुपचूप काउंटरवर ठेवले. पलीकडे दुकानवाल्या काकू विणकाम करत होत्या. त्यांनी मान वर न करताच सांगितलं, "ऐक गं त्याचं. ज्ञान भरपूर आहे. घेत मात्र काही नाही. वर्ष झालं, येतो, खोके हुंगतो, जातो. आम्ही त्याला थांबूच म्हणतो."

"थांबू?"

"काहीही दाखवा, याचं आपलं एकच. जरा थांबू, पुढच्या महिन्यात याहून चांगला येतोय."

त्याचे कान लाल झाले. "काकू, येतोच ना पण."

"येतो की. मग त्याच्या पुढच्या महिन्यात त्याहून चांगला येतो. अशाने तू म्हातारा होशील बाबा. मी तर आत्ताच झालेय."

मला हसू आवरेना. तेव्हा त्याने डोक्यावरचा चष्मा खाली ओढला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं… खोक्याकडे बघतात तसं नव्हे.

"कशासाठी हवाय तुम्हाला कॉम्प्युटर?"

"ऑक्टोपससाठी."

इतकं सांगून थांबायला मजा आली असती, पण त्याचा चेहरा बघून राहवेना. मी हलती चित्रं करते. बरीच वर्षं एका स्टुडिओत दुसऱ्यांच्या चित्रांत रंग भरले, मग ती नोकरी सोडली. गावात नवं मत्स्यालय होत होतं. तिथे शिरल्या शिरल्या जी मोठी भिंत लागते, तिच्यावर दाखवायची छोटीशी फिल्म मला मिळाली होती. एक ऑक्टोपस बिळातून बाहेर येतो, येणाऱ्या मुलांना हात करतो आणि लाजून परत आत जातो. माझ्या स्वतःच्या नावाचं पहिलं काम. पण माझा जुना लॅपटॉप पाच हातांपर्यंतच तग धरायचा. सहावा हलवला, की त्याला धाप लागायची आणि पडदा गोठायचा.

"आणि ऑक्टोपसला आठ असतात," तो गंभीरपणे म्हणाला.

"म्हणून तर."

"सहाच ठेवले तर? मुलं कुठे मोजतात."

"मुलंच मोजतात."

"…हो. हरलो."

समोरच्या टपरीवर चहा प्यायला त्यानेच बोलावलं, म्हणे बोर्ड समजावून सांगतो. तो दातांचा डॉक्टर निघाला. दवाखाना दोन गल्ल्या सोडून. लवंगेचा उलगडा झाला.

"मदरबोर्ड म्हणजे जबडा समजा," त्याने सुरुवात केली. "आणि प्रोसेसर म्हणजे दाढ. चावायचं काम दाढेचं, पण जबडाच कच्चा असेल—"

"तुम्ही चहा पितानाही जबड्याबद्दलच बोलता?"

"विषय तुम्ही काढलात."

"मी मदरबोर्डचा काढला होता."

तो हसला. मग दाढ सोडून त्याने नीट सांगितलं. प्रोसेसरच्या आत कोर असतात. कोर म्हणजे आत बसलेली माणसं, चित्रांचं काम आपसांत वाटून घेणारी. माझ्या लॅपटॉपमध्ये चारच, तीही दमलेली. मला भरपूर माणसांचा प्रोसेसर हवा, आणि त्या सगळ्यांना पुरेशी वीज पोचवेल असा भक्कम बोर्ड.

"मग आजच घेऊन टाकते. काकूंकडे आहे ना तसा?"

"आहे… पण जरा थांबा. पुढच्या महिन्यात नवा येतोय. थोडक्यासाठी चुकायचं कशाला? तोवर मी तुमच्यासाठी बोर्ड बघून ठेवतो."

खरं तर तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. मत्स्यालयाच्या उद्घाटनाची तारीख ठरलेली होती. पण चहाच्या वाफेने त्याचा चष्मा धुरकटला, तो काढून त्याने शर्टाच्या टोकाला पुसला, आणि चष्म्याशिवायचे ते भांबावलेले डोळे बघून माझ्या तोंडून निघून गेलं, "बरं. थांबते."

त्यानंतर रोज सकाळी, त्याचा पहिला पेशंट खुर्चीत बसायच्या आत, मला निरोप यायला लागला.

"या बोर्डावर पंख्यांना जास्त जागा आहेत. तुमच्या ऑक्टोपसला उकडणार नाही."

"समुद्रात राहतो तो. त्याला कुठलं उकडतंय."

"मग तुम्हाला उकडणार नाही."

एकदा त्याने दोन बोर्डांचे फोटो पाठवले. मी म्हटलं, डावीकडचा, रंग छान आहे. त्याने विचारलं, रंगावरून निवडणार? मी लिहिलं, "चित्रकार आहे मी, डॉक्टर. रंगावरून माणसंही निवडते." बराच वेळ तो काहीतरी लिहीत राहिला, पुसत राहिला… आणि आलं काहीच नाही. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टपरीवर आला तेव्हा रोजच्या राखाडी शर्टाऐवजी अंगात मोरपंखी शर्ट होता. घडीच्या रेघा अजून तशाच.

"नवीन?" मी विचारलं.

"नाही हो. होता घरात."

कॉलरला मागे दुकानाची चिठ्ठी लटकत होती. मी ती तोडून त्याच्या हातात ठेवली.  त्याचे कान पुन्हा लाल झाले होते.

बोर्ड ठरला त्या संध्याकाळी काकूंनी खोका उघडून दिला. दिव्याखाली धरून त्याने मला सॉकेट दाखवला. काडेपेटीएवढ्या जागेत शेकडो पिना, केसाहून बारीक, वाऱ्याने एका बाजूला कललेल्या गवतासारख्या. "यांना बोट लावायचं नाही. कधीच," तो कुजबुजला, जणू आत कुणी झोपलंय. आमची डोकी एकमेकांना लागायच्या बेतात होती. मी पिनांकडे बघत होते असं मला वाटत होतं…

"बोर्ड झाला," तो म्हणाला. "आता फक्त तो नवा प्रोसेसर येऊ दे."

घरी मी आणि माझी मावशी. खाली तिचं केस कापायचं दुकान, वर आम्ही. रोज संध्याकाळी मी केस विंचरून बाहेर पडते हे तिच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. केसांवरून तर तिचं घर चालतं.

"डबडं घ्यायचंय की डॉक्टर?" तिने एकदा विचारलं.

"मावशी, काहीही काय."

"मी कुठे काय म्हणते? माझ्याकडे काही जणी येतात बघ. खुर्चीत बसतात, इथून कापू की तिथून कापू, तासभर आरशात बघतात आणि उद्या येते म्हणून जातात. त्यांना केस कापायचेच नसतात गं. कुणाशी तरी बोलायचं असतं."

"मला कॉम्प्युटर खरंच हवाय."

"हो बाई. माझे केस खरंच काळे आहेत."

महिना उलटला. मी विचारलं की तो म्हणायचा, अजून नाही आला. मीही म्हणायचे, ठीक आहे. लॅपटॉपवर पाच हातांचा ऑक्टोपस बिळातून डोकवायचा आणि तिथेच गोठायचा.

मग मत्स्यालयाच्या बाईंचा फोन आला. गोड बोलत होत्या, म्हणूनच मी सावध झाले. "हे बघा, पुढच्या आठवड्यात अर्धी तरी फिल्म दिसायला हवी. नाहीतर त्या भिंतीवर आम्ही ऑक्टोपसचा मोठा फोटो लावू. छापून तयारच आहे तो."

फोटो… म्हणजे माझा ऑक्टोपस कधीच हलणार नव्हता. मी चपला अडकवल्या आणि तडक काकूंचं दुकान गाठलं.

"काकू, तो नवा प्रोसेसर नक्की कधी येतोय?"

काकूंच्या सुया थांबल्या. "कुठला नवा? अगं, तो येऊन संपलासुद्धा. दुपारी आला, रात्रीपर्यंत एक उरला नाही. थांबूला त्याच दिवशी सांगितलं होतं मी. तुला नाही बोलला?"

परवाच तर म्हणाला होता. अजून नाही आला… माझ्या डोळ्यांत बघून, चहाचा घोट घेत.

राग आला की मला आधी थंड वाटतं, मग रडू येतं. थंड होते तोवर मी बोलले, "मग पहिल्या दिवशीही तुमच्याकडे होता तो भरपूर कोरांचा द्या, ठरलेल्या बोर्डात बसणारा. आणि तो बोर्ड." काकूंनी दोन्ही बांधून दिले.

मावशीच्या दुकानातलं आरशापुढचं टेबल सगळ्यात उजेडाचं. मी तिथेच बोर्ड मांडला. "वीजबिजेचं काम आहे, नुसत्या हातांनी नको," म्हणत मावशीने केस रंगवायचे रबरी हातमोजे माझ्या हातात चढवले. मी घातले, कारण रागात माणूस कुणाचंही ऐकतं. सॉकेटचं झाकण उचललं, प्रोसेसर दोन बोटांत धरला, कोपऱ्यावरचा बारीक त्रिकोण बोर्डावरच्या त्रिकोणाशी जुळवला… आणि तो बुळबुळीत रबरातून सटकला. एक कोपरा खाली करून, त्या गवतात पडला.

वाकून बघितलं तर एका जागी गवत तुडवल्यासारखं आडवं झालं होतं.

मी काकूंना फोन केला. "पिना वाकलेला बोर्ड कंपनी परत घेत नाही गं," त्या म्हणाल्या. "आणि दुसरा मागवायचा तर तुझा आठवडा गेलाच. त्या पिना सरळ करेल असा हात माझ्या माहितीत एकच आहे."

"त्याच्याकडे मी जाणार नाही."

"राग नंतर कर. आधी पिना."

दवाखान्यात एक आजोबा सुजलेला गाल धरून बसले होते. दारातल्या ताईंनी मला विचारलं, "काय दुखतंय?"

"मला नाही," मी खोका पुढे केला. "याला."

तो आतून आला. मला बघून चेहरा उजळला… मग त्याची नजर खोक्यावर गेली.

"घेतलात."

"घेतला."

आजोबांनी हातानेच खूण केली, की घ्या आधी तिला, माझी दाढ काही पळून जात नाही. बोर्ड पेशंटच्या खुर्चीशेजारच्या ताटात ठेवला. डोक्यावरचा मोठा दिवा त्याने खाली ओढला, डोळ्यांना भिंगं लावली, दात टोकरायची सर्वांत बारीक आकडी उचलली.

"कशा वाकल्या?"

"हातमोज्यांमुळे."

"माझ्याकडे येणारे सगळे असंच काहीतरी सांगतात."

एरवी मी हसले असते. त्याने एक पीन उचलली. कणभर, मग अजून कणभर. दुसरी उचलली. त्याचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता.

"नवा येऊन गेला म्हणे," मी म्हटलं.

आकडी हवेत थांबली. "…हो."

"मला सांगितलं नाहीस." रागात 'तू' कधी आलं तेच कळलं नाही. "परवा तोंडावर खोटं बोललास."

त्याने भिंगं वर केली. "दात एकदा उपटला की परत बसत नाही. म्हणून मी दहादा विचार करतो. ती खोड मग सगळ्यातच शिरली… शर्ट, कॉम्प्युटर, सगळ्यात. पण हे तसं नाही. तो आला त्या दिवशी मी फोन हातात घेतला होता. 'आला' एवढंच लिहायचं होतं." तो अडखळला. "मग वाटलं, हा मिळाला की तुम्ही घरी न्याल, जोडाल. झालं. त्यानंतर तुम्ही माझ्याशी काय म्हणून बोलाल? दाढांबद्दल?"



"डॉक्टर," बाहेरून आजोबांचा गालातल्या गालात अडकलेला आवाज आला, "दाढांबद्दल बोलायला मी आहे इथे."

मला हसू आलं असतं, आणि त्याचाच जास्त राग आला. "बोलायचं होतं तर बोलायचं. माझं काम कशाला अडवलंस? त्या भिंतीवर आता फोटो लावतायत ते. माझं पहिलं काम होतं रे."

"चुकलो," तो म्हणाला. पुढे ना पण, ना परंतु. भिंगं खाली ओढली. "आधी हे करू दे मला."

मी भिंतीला टेकून उभी राहिले. एकेक पीन उभी राहताना बघत राहिले, आणि मनाशी एक नकोशी गोष्ट कबूल करावी लागली. काकूंचं दुकान माझ्या रोजच्या वाटेवर होतं. नवा आला का, एवढं त्यांना आत डोकावून विचारायचं… मला एकदाही सुचलं नव्हतं. का सुचलं नव्हतं, ते मावशी केव्हाच सांगून बसली होती. पण खोटं तो बोलला होता, मी नव्हे. म्हणून मी चेहरा सैल सोडला नाही.

"झालं," शेवटी तो म्हणाला. "एक पीन उभी आहे, पण बुडाशी दुखावलीय. ती काम करेल की नाही, चालू केल्याशिवाय कळायचं नाही. माझं विचाराल तर—"

"विचारत नाही."

प्रोसेसर मी तिथेच बसवला, उघड्या हातांनी. तो नुसता बॅटरीचा उजेड पाडत उभा होता, दुसरा हात पाठीमागे घेऊन, एकही सूचना न देता. मी सॉकेटची दांडी दाबली तेव्हा आतून कर्र असा आवाज आला आणि मी डोळे मिटले.

"असाच येतो तो," तो हळूच म्हणाला. "घाबरू नका."

मी खोका उचलला.

"मी येऊ बरोबर? जोडायला?"

"नको."

मेमरीच्या पट्ट्या, पंखा, बाकीचं सामान काकूंकडून आणून मी एकटीने जोडलं. बटण दाबलं तेव्हा मावशी पाठीशी उभी होती, आणि तिच्याकडे आलेली एक बाई केसांत चांदीचे कागद खोचून, मान वेळावून बघत होती. पंखा फिरला. पडदा काळाच राहिला, काळाच… मग उजळला. मेमरीच्या दोन पट्ट्यांपैकी एक बोर्डाला दिसतच नव्हती. ती दुखावलेली पीन. बोर्ड अर्ध्या मेमरीवर चालत होता. पण चालत होता. आत बसलेली ती सगळी माणसं कामाला लागली, आणि माझ्या ऑक्टोपसने सहावा हात उचलला. मग सातवा. आठवा उचलला तेव्हा मी टेबलावर डोकं ठेवून रडले, आणि मावशीने रंगाने माखलेल्या हातांनीच मला जवळ घेतलं. गालावरचा डाग दोन दिवस गेला नाही.

अर्धी फिल्म वेळेवर पोचली, मग पूर्णही. छापलेला फोटो बाईंनी गुंडाळून ठेवला.

सकाळचे निरोप बंद झाले होते. त्याने लिहिलं नाही, मीही नाही. फोन उलटा करून कामाला बसायचे, आणि दर थोड्या वेळाने सरळ करून बघायचे. मावशी म्हणाली, "डबडं तर आलं घरात. मग आता आरशात काय बघतेस?" मी फोन पुन्हा उलटा केला.

उद्घाटनाच्या दिवशी दुपारी भिंतीपुढे मुलांची झुंबड उडाली. दिवे मंदावले. बिळातून आधी एक हात आला, मग डोळे, मग अख्खा ऑक्टोपस. एक चिमुरडी थेट भिंतीपाशी गेली आणि बोट लावून मोजायला लागली. तिच्या आठापर्यंत मी श्वास धरून ठेवला होता.

"बरोबर आहेत," ती मागे वळून तिच्या आईला म्हणाली.

"बरोबरच आहेत," माझ्यामागून कुणीतरी म्हणालं. लवंगेचा वास.

तो सगळ्यांच्या मागे उभा होता, हातांचं काय करावं ते न कळल्यासारखा. मोरपंखी शर्ट आता नीट धुऊन मऊ झाला होता.

"अभिनंदन," तो म्हणाला. "मीही घेतला."

"काय?"

"कॉम्प्युटर. काकूंकडे त्या वेळी जो होता तो. काकूंच्या हातातले टाके सुटले."

मी ओठ दाबून धरले. हसायचं नव्हतं मला.

"बोर्ड कसा आहे?" त्याने विचारलं.

"त्याला एक पट्टी दिसत नाही. अर्धीच मेमरी."

"मी दुसरा आणून—" तो मधेच थांबला. मान हलवली. "नाही. हे विचारायला आलो नाही मी. नेहमी असंच करतो, काहीतरी काम काढतो." त्याने चष्मा काढला, पण पुसला नाही, नुसता हातात धरून ठेवला. "तू उद्या भेटशील का? काम काही नाही. बोर्ड नाही, दाढ नाही, विचारायचं-दाखवायचं काही नाही. नुसतंच. तू आवडतेस, म्हणून."

भिंतीवर ऑक्टोपस लाजून बिळात गेला. मुलं ओरडली, परत, परत…

मी त्याच्याकडे बघितलं. चष्म्याशिवाय त्याला माझा चेहरा धूसरच दिसत असणार, आणि तरी त्याने नजर हलवली नव्हती. वाट बघत होता तो, पण या खेपेला दुसऱ्या कशाची नव्हे, फक्त माझ्या उत्तराची.

"उद्या कशाला?" मी म्हटलं.

त्याला कळायला क्षणभर लागला. मग मीच त्याचा हात धरला आणि निळ्या अंधारात, माशांच्या टाक्यांच्या दिशेने चालू लागले. मोठ्या काचेपाशी फार गर्दी होती. सगळे मासे बघायला एकमेकांच्या खांद्यांवरून माना लांबवत होते. आम्हाला कशीबशी एकाच माणसाला पुरेल इतकी जागा मिळाली… आणि त्यात आम्ही दोघंही मावलो.